राणी जन्मायच्या आधी

इतवारीत, भांडे ओळीच्या मागे,
नवतप्याच्या तिसऱ्या दुपारी,
पाणी संपून नुसताच घरघरणाऱ्या कूलरसमोर
उमाठे गोणपाट उलगडतो.
"सीताबर्डीच्या लढाईतली हाय म्याडम हे.
अठराशे सतरा.
पणज्यानं माळ्यावर टाकली, मंग कोणी हातच नाई लावला."

मी दातांची डॉक्टर.
पेशंट तोंड उघडायच्या आधी जे सांगतो
त्यावर मी फारशी जात नाही.
पर्समधला छोटा आरसा काढते,
दांडी तिरकी करून नळीच्या तोंडाशी धरते.
शेजारी खोब्रागडेकाका उकिडवे.
अंबाझरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं, चाचणी विभाग;
उजवा कान तिथंच ठेवून आलेले.

गंज आधी बघायचा, हे त्यांचंच शिकवणं.
खरा गंज चिक्कू असतो,
खाचेत, सांध्यात, पट्टीखाली साठवून ठेवतो,
माणसाचा हात रोज फिरला तिथून मागं सरतो.
हा सगळीकडे सारखा,
नवरदेवाला हळद लावावी तसा.
नवसागराचा वास अजून उडालेला नाही.
स्क्रूच्या खाचा कोऱ्या.
दस्त्यावर गालाची झीज आहे, सुंदर आहे,
पण उजव्या बाजूला.
म्हणजे अख्खी पलटण डावखुरी?

आणि घोड्याशेजारी मुकुट,
मुकुटाखाली राणीची दोन अक्षरं,
गंज फोडून आत गेलेली, तळाशी चकचकीत.

"अठराशे सतरा नक्की ना?"
"पक्कं जी."
"तेव्हा ही राणी जन्मली नव्हती, उमाठेभाऊ.
दोन वर्षं बाकी होती."
तो कूलरकडे बघतो. मग माझ्याकडे.
"मंग तिच्या मायची असंल."

मला हसू येतं, आणि तेच वाईट.
हसलं की माणूस खिशाकडे हात नेतो.
तो लगेच कागद काढतो, मोडीतला,
चहात बुडवून वाळवलेला,
शाई मात्र बॉलपेनची.
लायसनची गरज नाई म्हणतो,
पावती कायले म्हणतो, आपल्या-आपल्यात,
आणि संध्याकाळी एक गोंदियाचा शेठ येणार आहे म्हणतो.
हा गोंदियाचा शेठ गेली सहा वर्षं
दर संध्याकाळी येणार असतो.

खोटं मीही करते.
शेजारच्या दाताचा पिवळेपणा, खर्ऱ्याचा डाग
जुळवून जुळवून दात बसवते;
बायकोलाही कळू नये, हीच माझी कारागिरी.
फक्त त्याला पणज्याचा दात म्हणत नाही.

काका अजून गप्पच.
अंगठ्यानं घोड्याखालची पट्टी चाचपतात,
एकदा, परत एकदा, डोळे मिटून.
मग बंदूक उचलतात आणि डाव्या खांद्याला लावतात.
गाल झिजेत अगदी बसतो.
बनवणाऱ्यानं स्वतःच्या खांद्याला लावून
स्वतःच्या गालापुरतं लाकूड घासलेलं.

"कानस डाव्या हाताची हाय," काका म्हणतात.
"माह्या हाताखाली होता हा पोरगा.
सत्त्याऐंशीची बॅच. कायम नाई केला त्याले."
मी नाव विचारते.
ते उजवा कान माझ्याकडे करतात.

मग उमाठेला, हळूच:
"तू नव्वद हजार सांगतं. त्याले किती देतं?"
उमाठे गोणपाटाची सुतळी शोधू लागतो.
"तीन."
"हजार?"
"हव."
काका बंदूक खाली ठेवतात,
कारखान्यात ठेवत असतील तशी, नळी भिंतीकडे करून.
"कमी देतं बे," म्हणतात.

बाहेर गल्लीत पितळी गुंडांवर ऊन आदळत होतं.
स्कूटरवर मागे बसून काका काही बोलले नाहीत,
फक्त गांधीबागच्या चौकात म्हणाले,
मुकुटाचा ठसा मात्र त्याले कधीच जमला नाई, वाकडाच मारे.

क्लिनिकमध्ये आल्या आल्या आरसा उकळायला टाकला.
भिंतीवर माझी पहिली बंदूक आहे, दोन हजार नऊची खरेदी.
मुकुट जरा वाकडा आहे तिचा.
मी पुढचा पेशंट आत बोलावला.